भरतीच्या हिशेबावर उभं शहर

सुमारे १८२०, बेलापूर पट्टीचं खाजण

चपला काढून हातात घ्या. बांधावरची माती ओली आहे, पाय घसरेल. डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला मिठागर आणि मधे हा जेमतेम दोन माणसं शेजारून चालतील एवढा चिखलमातीचा बांध. पारसिकची डोंगररांग सोडली तर तुमच्या ओळखीचं इथे काहीही नाही. वाशी, तुर्भे, घणसोली, दिवाळे ही आगरी-कोळ्यांची गावं आहेत. मराठ्यांनी १७३३ साली जिंकलेला बेलापूरचा किल्ला नुकताच, १८१७ साली, इंग्रजांकडे गेला आहे. राज्य बदललं, पण बांधावरचं काम कालच्यासारखंच चालू आहे.

समोर एक म्हातारा आगरी गुडघाभर चिखलात उभा राहून उघाडीच्या फळ्या तपासतो आहे. त्याला विचारा, भरती कधी? तो पाण्याकडे बघतही नाही. “आज चवथ. उन्हं कलली का पानी भरल.” त्याला तिथी पुरते. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, भरतीही तेवढीच मागे सरकते. किनाऱ्यावर आजही चालणारा हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढणार. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा मिठागरात पाणी घ्यायचं.

आता वाकून ती उघाडी नीट बघा. बांधातून काढलेली मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला लाकडी झडप. भरती बाहेरून रेटते तेव्हा झडप मिटते आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी रेटतं तेव्हा ती उघडते. कुणी रात्री जागायला नको, कुणी ओढायला नको. हे यंत्र चंद्राच्या जोरावर चालतं. ही झडप लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मिठागरात मात्र उलटं, तिथे खारं पाणीच हवं असतं. उधाणाचं पाणी आधी मोठ्या कोंडीत साठवतात, तिथून उथळ वाफ्यांत, मग त्याहून उथळ वाफ्यांत. ऊन आणि वारा पाणी पितात. समुद्राच्या पाण्यात मीठ साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. त्यातलं नऊ दशांश पाणी उडाल्याशिवाय मिठाचा खडा धरत नाही. त्याआधी जिप्सम खाली बसतं, ते मागच्या वाफ्यात राहू द्यायचं. शेवटी उरणारं पाणी कडू असतं, ते वेळेवर काढून टाकायचं, नाहीतर मीठही कडू होतं. कुठलं पाणी कधी पुढे सोडायचं हे आगरी पाण्याच्या रंगावरून आणि पायाला लागणाऱ्या चिकटपणावरून ओळखतो. पुढे महाविद्यालयांत क्रमवार स्फटिकीकरण म्हणून शिकवलं जाणारं रसायनशास्त्र इथे अनवाणी चालू आहे.

बांधाच्या आतल्या जमिनीत भात आहे. पावसाच्या पहिल्या सरींनी माती धुऊन निघते आणि मग राता पेरतात. काळा राता, भुरा राता ही खारं सोसणारी वाणं इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी निवडून टिकवली. पुढे शेतीशास्त्रज्ञ जेव्हा खारपड जमिनीसाठी भात शोधू लागतील, तेव्हा त्यांना याच वाणांपासून सुरुवात करावी लागेल. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ ही वाणं बाहेर पडतील.

या बांधावर उभं राहूनच पुढच्या दोनशे वर्षांकडे बघायला हवं. जे आपल्या हुकमात नाही, त्याची नोंद ठेवायची, त्याचा हिशेब समजून घ्यायचा आणि मग त्याच्याशी जमवून बांधायचं, ही या भूमीची पहिली शिकवण आहे. इथलं जे पुढे टिकलं, ते हिच्याच आधाराने.

१८३० नंतर, पनवेल बंदर

भरतीबरोबर होडी खाडीत घ्या. ओहोटी लागली तर चिखलात अडकून सहा तास बसावं लागेल. पनवेलच्या धक्क्यावर गर्दी आहे, कारण १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आहे आणि मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस आधी होडीने पनवेलला उतरतो. माल उतरतो, बैलगाड्या भरतात आणि घाटाकडे निघतात. १८६३ साली आगगाडी बोरघाट चढेल, पण ती कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडेल.

बाजूला पडलेल्या या गावात १८७२ साली एक वेगळं काम सुरू होतं. कृष्णशास्त्री पुराणिक धूतपापेश्वरच्या नावाने आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढतात. तोपर्यंतची रीत अशी, की वैद्याने आपल्या रोग्यापुरतं औषध स्वतः कुटायचं. आता औषध एका जागी, एका पद्धतीने तयार होऊन गावोगावच्या वैद्यांपर्यंत जाऊ लागतं. औषधनिर्मिती हा उद्योग म्हणून या परिसरात रुजतो तो इथे, ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषध कंपन्या येण्याच्या कितीतरी आधी.

२ सप्टेंबर १८५९, कुलाबा. आणि तिथून अलिबागमार्गे पनवेल

थोडं मागे जा आणि खाडी ओलांडून मुंबईच्या दक्षिण टोकाला या. कुलाब्याच्या वेधशाळेत आवाज करू नका. खोलीत चुंबक टांगलेलं आहे आणि दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचून वहीत लिहायचा आहे. १८४० च्या दशकापासून हे काम अखंड चालू आहे. एरवी तासाला एक नोंद. आज मात्र चुंबक असं हललं आहे की निरीक्षक काही मिनिटांनी आकडा घेत आहेत. दुपारच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता कोसळते, सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी. वहीत लिहिणाऱ्याला कारण ठाऊक नाही. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर एक झळाळी पाहिली आहे आणि तिथून सुटलेलं वादळ आता पृथ्वीवर आदळलं आहे. इतर अनेक ठिकाणी मापन पट्टीच्या बाहेर गेलं, कुलाब्याची वही टिकली.

आता १९०४ सालात या. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आहेत आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकाची सुई खोटं बोलू लागेल. वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय मूस हट्ट धरतात की वेधशाळा ट्रामपासून दूर, अलिबागला न्यायची. नुसती नेऊन भागत नाही. नव्या जागेचे आकडे जुन्याशी जुळले पाहिजेत, म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापन होतं. मगच कुलाब्याचं काम थांबतं. या एका काळजीमुळे १८४० च्या दशकात सुरू झालेली ओळ आजपर्यंत तुटलेली नाही.

त्या नोंदी आज कुणाच्या हाती आहेत हे बघायला नवीन पनवेलला चला. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय इथे आहे. २००३ साली याच संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर कुलाब्याच्या १८५९ च्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि त्या वादळाचा जोर जगासमोर मांडला. उपग्रह, वीजवाहिन्या आणि विमानांची दळणवळण यंत्रणा असं वादळ पुन्हा आलं तर कशी तगेल, याचा विचार करणारे अभियंते ‘कॅरिंग्टन’ हा शब्द वापरतात तेव्हा त्यामागे कुलाब्याची ती वही असते. आकडा लिहिणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्यांनी त्या दिवशी कंटाळा केला नाही, एवढं माहीत आहे.

१९६५ ते १९७३, पूर्व किनारा

१९६५ साल. मुंबई उत्तरेकडे लांबतच चालली आहे. सकाळी सगळे दक्षिणेला जातात, संध्याकाळी सगळे उत्तरेला परततात. ‘मार्ग’ नियतकालिकाच्या पानांवर तिघेजण एक प्रस्ताव मांडतात: वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल. शहराला पूर्वेकडे, खाडीपलीकडे वळवा. शिरीष पटेलांना वाहनांच्या गर्दीची जाण आहे, देशातला पहिला उड्डाणपूल म्हणून ओळखला जाणारा केम्प्स कॉर्नरचा पूल त्यांच्या हातचा. १७ मार्च १९७० रोजी हे नवं शहर, नवी मुंबई, वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन होतं. ९५ गावांची जमीन, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, एका नकाशावर येते. १९७३ साली वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला होतो.

पण कारखाने शहराची वाट पाहत थांबलेले नाहीत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर १९६८ सालात थांबा. एमआयडीसीच्या जमिनीवर नोसिलचा नाफ्था क्रॅकर सुरू झाला आहे, देशातल्या अगदी सुरुवातीच्या क्रॅकरपैकी एक. खनिज तेलातून निघालेला नाफ्था वाफेसोबत ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की त्याचे लांब रेणू तुटतात आणि इथिलीन, प्रोपिलीन मिळतात. शेजारच्या पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजमध्ये इथिलीनचं पॉलिथिलीन होतं. पितळेच्या कळशीच्या जागी प्लास्टिकची बादली, दुधाचा क्रेट, पाण्याची टाकी: महाराष्ट्राच्या घराघरांतला हा बदल ज्या रसायनांनी घडवला, त्यांतला मोठा वाटा या रस्त्यावरून गेला. त्याचा धूर आणि सांडपाणीही याच खाडीने सोसलं. कोळ्यांच्या जाळ्यात मासळी घटत गेली, हे योगदानाच्या पानावरच लिहायला हवं, तळटीपेत नव्हे.

इथून पाताळगंगेच्या काठी रसायनीला चला. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा हा परिसर. रंग, औषधं, रबर अशा कित्येक उद्योगांना लागणारी मूळ रसायनं देशातच व्हावीत म्हणून सरकारने हा कारखाना काढला. त्यातला एक विभाग विशेष आहे, तिथे डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होतं. तांबूस धूर सोडणारं, खोलीच्या तापमानाला उकळू पाहणारं हे द्रव हायड्राझिनच्या कुळातल्या इंधनाला भेटलं की ठिणगीशिवाय पेट घेतं. इस्रोचं ‘विकास’ इंजिन याच जोडीवर चालतं. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा त्याच इंजिनाचा. रसायनीने इस्रोला हे द्रव पुरवलं. २०१७ साली तोट्यातला कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा फक्त हा विभाग वगळला गेला आणि तो इस्रोकडे सोपवायचं ठरलं. श्रीहरिकोट्याच्या उड्डाणाच्या बातमीत पाताळगंगेच्या कामगाराचं नाव येत नाही. पण अग्निबाण वर जाण्यासाठी लागणारं द्रव गळती न होता टाकीत भरणं हे त्याचं कौशल्य होतं.

पावसाळा, १९८० चं दशक, वाशी-नेरूळ

छत्री घ्या. आज पौर्णिमा आहे, पाऊस कोसळतो आहे आणि दुपारी बाराच्या सुमाराला भरती. नवं शहर ज्या जमिनीवर उभं राहतं आहे तिचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. सगळीकडे भराव घालून जमीन उंच करायची तर डोंगरच्या डोंगर आणि अफाट पैसा लागला असता. सिडकोच्या अभियंत्यांनी दुसरी वाट धरली. समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या हॉलंडच्या धर्तीवर त्यांनी धारण तलाव खोदले.

त्यातल्या एकाच्या काठाशी या. नाल्यांतून वस्तीचं पावसाचं पाणी तलावात येतं आहे. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा आहेत. भरती चढते तशा त्या आपोआप मिटतात, खाडी बाहेर अडते आणि शहराचं पाणी तलावात साठत राहतं. काही तासांनी ओहोटी लागते, आतली पातळी वरचढ ठरते, झडपा उघडतात आणि तलाव खाडीत रिकामा होतो. पंप लागत नाही, वीज लागत नाही.

ही झडप तुम्ही आधी पाहिली आहे. लाकडाच्या जागी लोखंड आलं, बांधाच्या जागी काँक्रीट. हॉलंडचा दाखला योग्यच आहे, पण तीच विद्या या जागी आधीपासून नांदत होती आणि तिचे जाणकार त्याच ९५ गावांत राहत होते, हे शहराच्या इतिहासात ठळक लिहिलं गेलेलं नाही. त्यांच्याकडून जमीन घेतली गेली, विद्या विचारली गेली नाही.

जानेवारी १९८४, जासई

इथे थोडं थांबायलाच हवं. न्हावा-शेवा बंदरासाठी आणि नव्या शहरासाठी जमिनी जात आहेत. मोबदला तुटपुंजा आहे. मिठागरांवर, भाताच्या खाचरांवर, जिताड्याच्या तळ्यांवर जगणारी कुटुंबं रस्त्यावर उतरली आहेत आणि त्यांचे नेते आहेत दि. बा. पाटील. १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांचा गोळीबार होतो आणि पाच आंदोलक हुतात्मा होतात. या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. भूसंपादनात मूळ मालकाला विकासात वाटा मिळावा, हा विचार देशाला देणाऱ्या लढ्यांत जासईचं स्थान वरचं आहे. पूल आणि बंदरं ही अभियांत्रिकी असेल, तर न्याय्य वाटणीची रचना करणं हेही तितकंच अवघड बांधकाम आहे.

२६ मे १९८९ रोजी बंदर कार्यान्वित झालं. देशातल्या कंटेनर वाहतुकीचा फार मोठा भार आज तेच उचलतं. शेवा कोळीवाड्याला मात्र आपली मूळ जागा सोडावी लागली.

वाशी, १ जानेवारी २०००

नव्या सहस्रकाचा पहिला दिवस. एपीएमसीच्या मसाला बाजारात मिरची, हळद, धण्याची पोती रचलेली आहेत, नाक चुरचुरतं आहे. इथून जवळच किरणोत्सर्ग आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचं, म्हणजे ‘ब्रिट’चं, विकिरण केंद्र आज कामाला लागलं आहे. आत मसाल्याची बंद खोकी एका मार्गावरून कोबाल्ट-६० च्या भोवती फिरतात. गॅमा किरणं खोक्याच्या आरपार जातात, जंतू आणि किडे मरतात. मसाला तापत नाही, त्याचा वास उडत नाही आणि तो किरणोत्सारी होत नाही. काम नसताना कोबाल्टच्या कांड्या खोल पाण्याच्या हौदात उतरवून ठेवतात, कारण एवढं पाणी किरणांना अडवायला पुरेसं असतं. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला १९५६ साली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली होती. त्या विज्ञानाचा एक उपयोग इकडे, तिखटाच्या पोत्यापर्यंत पोचला.

वाशीतच आणखी एका दारावर टकटक करा. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेचं हे मुख्यालय. १९७३ साली संघटना उभी करणाऱ्यांत कमल रणदिवे होत्या. पुण्यात जन्मलेल्या या जीवशास्त्रज्ञ, वसंत खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगावर काम करत परळच्या संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारणाऱ्या. प्रयोग अर्ध्यावर सोडून मुलाच्या शाळेकडे धावावं लागणं ही संशोधक स्त्रियांची नेहमीची अडचण. म्हणून या वास्तूत सभागृह आणि वाचनालयासोबत नोकरदार महिलांचं वसतिगृह आहे आणि पाळणाघरही. विज्ञान कुणी करावं हा प्रश्न पाळणाघराच्या वेळेवर अडतो, हे ओळखून त्यावर उत्तर बांधणं ही रणदिव्यांच्या पिढीची मोठी देणगी आहे.

४ जून २०२१, खारघर

मास्क लावा, दुसरी लाट नुकती ओसरू लागली आहे. परळला १९५२ साली खानोलकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेलं ते कर्करोग संशोधन केंद्र २००२ साली टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या खारघरच्या आवारात आलं. टेकडीच्या पायथ्याशी प्रयोगशाळा आणि रुग्णालय एकाच जागी. आज इथल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण कक्षात देशातली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती वापरली जात आहे.

काचेबाहेरून बघा. थोड्या दिवसांपूर्वी रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या केल्या गेल्या. त्यांच्यात एका विषाणूवाहकाच्या मदतीने नवं जनुक घातलं, ज्यामुळे त्या पेशींना कर्कपेशीच्या पृष्ठभागावरची खूण ओळखता येईल. त्या वाढवल्या, तपासल्या आणि आता एका छोट्या पिशवीतून त्या परत रुग्णाच्या शिरेत जात आहेत. पिशवी लहान आहे, काही मिनिटांत रिकामी होते. खरी परीक्षा नंतरची: ताप, रक्तदाब, शरीराने दिलेली प्रत्येक प्रतिक्रिया परिचारिका तासातासाला टिपून ठेवणार.

तंत्रज्ञान आयआयटी मुंबईच्या राहुल पुरवार यांच्या गटाचं, रुग्णोपचार टाटा स्मारकच्या डॉक्टरांचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ला मंजुरी मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ही उपचारपद्धती देशाला अर्पण झाली. परदेशात जिचा खर्च कोटींत जातो, ती इथे साधारण दहाव्या हिश्शात होते. तरीही ती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच आहे. पुढचं काम तिथेच आहे आणि ते संशोधनाइतकंच महत्त्वाचं आहे.

२०२४ आणि पुढे, उलवे

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला. शिवडीहून निघून न्हावा-शेव्याकडे येणारा २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातले सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर. भर पाण्यात जिथे खांब दूर दूर ठेवावे लागले, तिथे काँक्रीटऐवजी पोलादी ऑर्थोट्रॉपिक डेक वापरला. भारतात असा तो पहिल्यांदाच. वजन कमी, म्हणून दोन खांबांमधलं अंतर १८० मीटरपर्यंत नेता आलं. चिखलपट्टीवर काम करताना बांधणाऱ्यांनाही तेच पंचांग पाहावं लागलं, जे आगरी पाहत होता: पाणी कधी चढणार, चिखल कधी उघडा पडणार.

पलीकडे उलव्याची सुमारे ९० मीटर उंच टेकडी सपाट झाली, उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याला दि. बा. पाटलांचं नाव मिळावं म्हणून २०२१ साली भूमिपुत्रांनी मानवी साखळी धरली होती. बरोबरच होतं. ज्या जमिनीवर धावपट्टी आहे, तिचा इतिहास प्रवाशाला विमानातून उतरताच कळला पाहिजे.

आता, तुमच्या स्वतःच्या गल्लीत

हा सगळा वारसा आज दोन ठिकाणी धोक्यात आहे. पहिलं ठिकाण धारण तलाव. ते गाळाने भरत आले आहेत, काहींत कांदळवन वाढलं आहे आणि गाळ काढायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. तलाव उथळ झाला की पाणी साठायला जागा उरत नाही. मग उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की वाशी-नेरूळच्या सखल भागात पाणी चढतं. कांदळवन राखूनच तलावाची खोली सांभाळण्याचा मार्ग महापालिका, सिडको आणि पर्यावरण अभ्यासक यांनी एकत्र बसून काढायला हवा. उरणच्या पाणथळ जागांवर भराव पडतो तेव्हा नुसते रोहित पक्षी उडून जात नाहीत, शहराचं पाणी मुरण्याची जागाही जाते.

दुसरं ठिकाण माणसांची आठवण. बांधाला खांड पडली की ती कुठल्या चिखलाने बुजवायची, कोणत्या तिथीला कुठली उघाडी उघडायची, कोणतं पाणी मीठ धरेल, हे ज्यांना ठाऊक आहे अशी म्हातारी माणसं आजही दिवाळे, जासई, चिरनेरच्या घरांत आहेत. त्यांच्याकडचं ज्ञान कुलाब्याच्या नोंदींसारखं वहीत उतरलेलं नाही. मुंबई विद्यापीठाने, कोकण कृषी विद्यापीठाने, इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ते उतरवून घ्यावं, आणि प्रकल्पाचं काम म्हणून विद्यार्थ्यांना त्या घरी पाठवावं. नवी मुंबईच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलांना तिथीवरून भरतीची वेळ काढता आली पाहिजे. जवळच्या धारण तलावावर नेऊन ती वेळ खरी ठरते का हेही त्यांनी मोजून पाहिलं पाहिजे. त्या एका तासात त्यांना खगोलशास्त्र, जलशास्त्र आणि आपल्या गावाचा इतिहास एकत्र मिळेल.

समुद्राची पातळी वाढते आहे. पुढच्या पन्नास वर्षांत जगातली कितीतरी किनारी शहरं विचारणार आहेत की भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर सुरक्षित कसं राहायचं. उत्तर देण्याची सर्वाधिक पात्रता ज्या मोजक्या जागांकडे आहे, त्यांत ठाणे खाडीचा हा पूर्व किनारा आहे. झडपेपासून धारण तलावापर्यंत आणि रात्यापासून ‘पनवेल ३’पर्यंतचा अनुभव इथे एकाच पट्ट्यात साठलेला आहे. तो नीट जपला आणि लिहून ठेवला, तर नवी मुंबईचं विज्ञानातलं सगळ्यात मोठं योगदान अजून पुढेच आहे.